शेवटची पायरी

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर संगणक दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणून आपली पोरं आयटीआयचा ‘कोपा’ हा संगणकाचा कोर्स करतात, कुणी कॉम्प्टियाच्या ‘ए प्लस’ परीक्षेला बसतं. तिथे दोन पेपर, प्रत्येकी दीड तासाचा, जास्तीत जास्त ९० प्रश्न. पोर्टचे क्रमांक पाठ करता करता रात्री सरतात. पण त्याच अभ्यासक्रमात व्हायरस काढायची क्रमवार रीत आहे आणि तिची शेवटची पायरी म्हणजे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. यंत्र परत देताना पाच मिनिटं त्यासाठी काढायलाच हवीत. त्या पाच मिनिटांत सांगायचं ते हे: रावेरच्या कुणी केळीचे भाव बघायला एखादं पान उघडावं, तोच पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, ‘संगणक लॉक झाला’ अशी पाटी येते आणि खाली मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन नंबर. खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, ही खूण पक्की ध्यानात ठेवावी. एस्केपची कळ दाबून धरायची. ते पान नाहीच हटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा सुरू करताना जुनी पानं उघडू द्यायची नाहीत. बहुतेकदा आत व्हायरस नसतोच. मात्र घाबरून त्या नंबरवर फोन लावला, पलीकडच्याच्या हाती संगणकाचा ताबा दिला आणि पैसे गेले, तर आधी इंटरनेट तोडायचं, लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन आणि बँक गाठायची; दुकानात त्यानंतर यायचं.