अन्नछत्राची गादी

रे रोड स्थानकावर उतरून दारूखान्याकडे वळले की लोखंडी पत्र्यांचा खणखणाट कानी येतो. कॉटन ग्रीनच्या दिशेने चालू लागले की धान्याच्या गोदामांचा तो ओळखीचा, किंचित धुळकट वास येतो. १९१० साली हार्बर मार्गावर सुरू झालेल्या या स्थानकाला मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव आहे. आपल्यापैकी कित्येक घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या याच पट्ट्यात गेल्या. कोणी लोखंडात, कोणी लाकडात, कोणी दाण्यात. येथून परळची रुग्णालये फार दूर नाहीत. १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येत आहेत. दाखल झालेल्या रुग्णाची सोय आत होते. पण त्याच्याबरोबर आलेला बाप, भाऊ किंवा बायको पदपथावर असते, आणि गाठीचे पैसे तपासण्यांतच संपलेले असतात.

तिथे जेवण घालणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. हरखचंदभाई सावला यांची कथा तर वाचकांपैकी बहुतेकांच्या मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेली असेल. त्यांचे एक हॉटेल होते. टाटा रुग्णालयाच्या दारात ताटकळणारी माणसे त्यांना दिसत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, ऐन तारुण्यात, त्यांनी ते चालते हॉटेल भाड्याने दिले आणि त्या पैशांतून रुग्णांना व त्यांच्या नातलगांना जेवण देण्यास सुरुवात केली. पुढे तेच काम जीवन ज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्ट या नावाने वाढले. कथा सांगणारे येथे हात जोडून थांबतात. मला मात्र त्यांच्या रद्दीचे कौतुक अधिक वाटते. घरोघरची जुनी वर्तमानपत्रे गोळा करून, ती विकून औषधपाण्याला पैसा उभा करायचा, ही युक्ती व्यापाऱ्याच्याच डोक्यातून येऊ शकते. ज्याला कोणी माल मानत नाही त्यात त्यांनी भाव पाहिला.

अन्नछत्र दयेने सुरू होते आणि हिशोबाने टिकते, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही थोडे खजील होऊन. वडिलांच्या पुण्यतिथीला परळ भागातील एका अन्नछत्रात शिऱ्यासह पूर्ण जेवण द्यावे असे आम्ही घरी ठरवले होते. तेथील वयोवृद्ध व्यवस्थापकांनी वही उघडून दाखवली. त्या दिवशी आधीच दोन दात्यांची नावे होती. पुढच्या आठवड्यातील तीन वार मात्र कोरे होते. ते नम्रपणे म्हणाले, ‘‘शेठ, तिथी राहू द्या. या महिन्याचे गॅस सिलिंडर आणि भांडी घासणाऱ्या बायांचा पगार, एवढे उचलाल का?’’ मी विचार करून सांगतो म्हणालो. खरे कारण असे की सिलिंडरवर वडिलांचे नाव कसे लिहायचे, हे मला सुचेना. दोन दिवसांनी धनादेश पाठवला, पण ते दोन दिवस अजून टोचतात.

त्या वहीत मी आणखीही पाहिले. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पोळी गिळता येत नाही. त्याच्यासाठी पातळ खिचडी, पेज, दूध असे वेगळे शिजवावे लागते, म्हणजे वेगळे पातेले आणि वेगळा माणूस. तांदळाचे पोते दिले तर ८०-जीची वजावट मिळत नाही, आणि दोन हजारांहून अधिक रोख रकमेवरही नाही. म्हणून ते प्रत्येकाला धनादेश मागतात आणि काही दाते त्यावरूनच रुसतात. असे रुसवे काढणे हाही त्यांच्या कामाचाच भाग.

निवृत्त पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांच्या साथीने रोटी बँकेचे काम उभे केले, तेथेही हेच दिसते. लग्नातले उरलेले अन्न काही तासांत भुकेल्यापर्यंत पोहोचले नाही तर ते विष ठरू शकते. वेळ पाळण्याची सवय ज्यांच्या हाडात आहे अशांनीच त्यात पडावे.

पण मला सर्वांत अस्वस्थ करतात त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात पायावर गोळी झेललेली ही बाई गिरणगावात कामगार चळवळीत आली. लालबाग-परळच्या चाळींत खानावळ चालवणाऱ्या बाया गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. १९७४ च्या ४२ दिवसांच्या संपात पगार थांबले, तरी त्यांनी ताटे थांबवली नाहीत. त्यांचे दागिने मात्र सावकाराकडे गेले, आणि किराण्याचे देणे चढत्या व्याजाने फुगले. दुसऱ्यांची भूक भागवणारी स्वतः कर्जात बुडत होती. प्रेमाताईंनी तिला धान्य दिले नाही. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांनी १४ बायांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळवून दिले. तारण काही नव्हते; एकीला दुसरीची हमी.

वाचकहो, तो किराणा दुकानदार कोण होता? गिरणगावातील दाण्याची दुकाने कोणाची होती, हे आपल्या घरातील जुन्या वह्या सांगतील. सर्वच दुकानदार निष्ठुर होते असे नव्हे. संपाच्या काळात उधारी न थांबवणारेही होते. तरीही ती वही आपल्या बाजूने लिहिली जात होती, आणि पर्युषणात अनुकंपादानाची पावतीही आपणच फाडत होतो. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा मला पटकन उत्तर सापडत नाही.

प्रेमाताईंचे काम पुढे त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतील नोकरी सोडून पुण्यात वाढवले. पेढीच्या भाषेत म्हणायचे तर तिथे गादीला वारस मिळाला. माझ्या परिचयाच्या त्या परळच्या अन्नछत्रात तो अद्याप दिसत नाही. व्यवस्थापकांचे गुडघे दुखतात. पहाटे भाजीबाजारात जायला आता कोणाला तरी बरोबर न्यावे लागते. दाते पुष्कळ आहेत. वाढायला, छायाचित्र काढायला रविवारी तरुण मंडळीही येतात. वही घ्यायला कोणी येत नाही.

गेल्या महिन्यापासून माझा नातू दर शनिवारी तेथे जातो. आपल्याला पंक्तीत वाढायला उभे करतील अशी त्याची समजूत होती. व्यवस्थापकांनी त्याच्या हातात खरेदीची वही आणि पिशवी दिली. पहिल्याच दिवशी त्याचा मला पेढीवर फोन आला, ‘‘आजोबा, तूरडाळीचा घाऊक भाव काय चालू आहे? हे म्हणतात, आपल्याला महाग पडते आहे.’’ लोखंडवाल्याला डाळीचा भाव काय ठाऊक! मी त्याला कॉटन ग्रीनच्या एका स्नेह्यांचा नंबर दिला, आणि घासाघीस कर म्हणून बजावले.