जकात शून्य, नाका कायम

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि तरीही बुडाला नाही; म्हणजे ब्रेक्झिटविरोधकांनी उठवलेली आवई खोटी ठरली, असा युक्तिवाद आपल्याकडेही आता आत्मविश्वासाने केला जातो. यातले विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. असा कौल लागला तर लगेच मंदी येईल, 5 लाख नोकऱ्या जातील, असे भाकीत ब्रिटिश अर्थखात्याने महिनाभर आधी केले होते. ते फसले, बेरोजगारी उलट घटली. पुढे सेवांची निर्यातही वाढली. 2025 मध्ये अमेरिकेने युरोपीय संघाच्या बहुतेक मालावर 15 टक्के आयातशुल्क ठरवले, ब्रिटनच्या मालावर 10 टक्के. त्याच वर्षी 24 जुलैला ब्रिटनने भारताशी स्वतंत्र व्यापार करारही केला. हे सारे मान्य केलेच पाहिजे.

पण भाकीत फसले म्हणून नुकसान टळत नाही. ब्रिटन 31 जानेवारी 2020 पर्यंत संघाचा सदस्य होता, आणि त्यानंतरही वर्षअखेरीपर्यंत संघाच्या एकसंध बाजारपेठेतच होता. त्यामुळे सार्वमतानंतरच्या या वर्षांतली सुस्थिती बाहेर पडण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. खरा हिशेब 2021 पासून सुरू होतो.

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील करारात मालावरचे शुल्क शून्य ठेवले, म्हणून काहीच बदलले नाही, असे अनेकांना वाटते. मुलुंड-दहिसरच्या जकातनाक्यांवर ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना वेगळे सांगायला नको: व्यापाऱ्याला जकातीइतकाच नाकाही छळतो. डोव्हरहून फ्रान्सला जाणाऱ्या मालाला आता सीमाशुल्काची कागदपत्रे लागतात. शून्य शुल्काचा लाभ हवा, तर माल मूळचा ब्रिटनचाच असल्याचे सिद्ध करावे लागते. मांस किंवा चीज असेल तर आरोग्य प्रमाणपत्रही हवे. मोठी कंपनी या कामाला माणसे नेमते. छोट्या उत्पादकाचा नफा मात्र कागदपत्रांतच संपतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या अभ्यासानुसार सुमारे 16,400 ब्रिटिश कंपन्यांनी युरोपला माल पाठवणेच थांबवले. अशा बंद झालेल्या धंद्यांचा आवाज होत नाही, म्हणून ‘ब्रिटन बुडाला कुठे?’ हा प्रश्न विचारणे सोपे जाते. मासेमारांना तर बाहेर पडण्याचे सर्वांत मोठे लाभार्थी म्हणून मिरवले गेले. त्यांच्यातल्याच अनेकांना न शुद्ध केलेले जिवंत शिंपले युरोपात पाठवणे 2021 पासून अशक्य झाले.

नवे करार ही तूट भरून काढतील, हा दुसरा दावा. ब्रिटिश सरकारचेच अंदाज पाहा. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे राष्ट्रीय उत्पन्नात दीर्घकाळात 0.08 टक्के भर पडेल, भारताशी झालेल्या करारामुळे 0.13 टक्के. उलट, त्या देशाच्या स्वायत्त अर्थसंकल्पीय कार्यालयाच्या मते ब्रेक्झिटमुळे उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील. या दोन बाजूंची तोंडमिळवणी होत नाही, कारण ब्रिटनची 40 टक्क्यांहून अधिक निर्यात आजही शेजारच्या युरोपातच जाते. 2025 मध्ये अमेरिकेकडून मिळालेली शुल्काची सवलत खरी होती. पण ती एका राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर टिकून होती, युरोपचा शेजार मात्र कायमचा आहे.

तिसरा दावा सार्वभौमत्वाचा, आणि तो सर्वांत भावनिक. युरोपात माल विकायचा तर युरोपचे नियम पाळावेच लागतात. फक्त ते ठरवताना ब्रिटनचे मत आता मोजले जात नाही. मे 2025 मध्ये अन्न आणि शेतमालाच्या संघनियमांशी जुळवून घेण्याचे ब्रिटनने तत्त्वतः मान्य केले. म्हणजे जे नियम पूर्वी बरोबरीने बसून केले जात, ते आता नुसते स्वीकारायचे. स्वतःच्याच उत्तर आयर्लंड प्रांतात माल पाठवतानाही ब्रिटिश व्यापाऱ्याला कागदपत्रे सादर करावी लागतात. सार्वभौमत्व वाढल्याची ही लक्षणे नव्हेत.

स्थलांतराचेही तेच. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडन, साउथॉलला स्थायिक होण्याची गोव्यातल्या हजारो कुटुंबांना खुली असलेली वाट 2021 पासून नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाली. पण त्यामुळे स्थलांतर लगेच कमी झाले का? जून 2023 पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर 9 लाखांवर गेले.

मग योग्य काय? व्यापारसंघातून बाहेर पडण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे, तो कोणी हिरावू नये. पण ज्याची किंमत लपवली, तो निर्णय स्वतंत्रपणे घेतला असे म्हणता येत नाही. प्रचाराच्या लाल बसवर ब्रिटन आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला देतो असे लिहिले होते. त्यातून मिळणारी सूट वजा केलेली नव्हती. हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर असल्याचे ब्रिटिश सांख्यिकी प्राधिकरणाच्या प्रमुखांनी पुढे लेखी सांगितले. राहण्याचा खर्च फुगवून दाखवला गेला आणि जाण्याच्या खर्चाला नुसती भीती घालणे म्हणून उडवून लावले गेले.

भारताने नोव्हेंबर 2019 मध्ये आरसेप या प्रादेशिक व्यापार करारात सामील न होण्याचे ठरवले. त्या निर्णयाला कोणी ब्रेक्झिटचा दाखला जोडू नये. न केलेला करार आणि 47 वर्षांत विणलेले संबंध तोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. करार करताना, नाकारताना किंवा मोडताना एक मागणी मात्र आपण नागरिकांनी लावून धरली पाहिजे: दोन्ही बाजूंचा हिशेब स्वतंत्र संस्थेकडून करून घ्या, तो संसदेत मांडा आणि मगच लोकांकडे कौल मागा.