घराची चावी घेण्याआधी शेजारच्या टाकीत काय आहे ते विचारा

पुनर्वसनात घर मिळाले की आपण पाणी येते का, लिफ्ट चालते का, शाळा किती लांब आहे, हे बघतो. कुंपणापलीकडच्या टाकीत काय साठवले आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

मुंबईतले माहुल बघा. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो माणसांना तिथे पाठवले. जवळच तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. दमा, खोकला, त्वचेच्या तक्रारी वाढल्या. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला की यापुढे कोणाला माहुलला पाठवू नये आणि तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी महापालिकेने महिना १५,००० रुपये भाडे द्यावे. ‘झोपड्याच कारखान्याला येऊन चिकटतात’ असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. इथे तर टाक्या आधीच होत्या आणि माणसे सरकारी कागदावर आणून ठेवली.

भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला, तो आधी कारखान्यासमोरच्या गरीब वस्त्यांत शिरला. कोणता वायू आहे, हेच दवाखान्यातल्या डॉक्टरांना माहीत नव्हते. नर्स म्हणून सांगते, विष कोणते ते कळले नाही तर आमचेही हात बांधले जातात.

त्यानंतर १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले. धोका काय आहे आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे आसपासच्या लोकांना कळले पाहिजे, असे त्यात आहे. कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन आराखडाही सांगितला आहे. पण टाकीपासून घरे किती लांब असावीत, याचा आकडा या नियमांत नाही. इटलीत सेवेसो इथे १९७६ मध्ये विषारी वायू सुटला. त्यावरून युरोपात जो कायदा झाला, त्यात आज अशा साठ्याजवळ नवी वस्ती उभारतानाही सुरक्षित अंतर पाहावे लागते. आपल्याकडे हीच अट पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीला लागली पाहिजे. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क आपल्या मुलांच्या फुप्फुसांनाही आहे.

तोवर विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला तीन गोष्टी विचारा: आपल्या परिसरात कोणते घातक साठे आहेत? आपत्कालीन आराखड्यात आपली वस्ती आहे का? भोंगा वाजल्यावर आम्ही काय करायचे, कुठे जायचे? विकास आराखड्याचा मसुदा निघाला की मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

आणि घरात सर्वांना सांगून ठेवा: वायू सुटलाच आणि बाहेर पडावे लागले, तर वारा जिकडे वाहतो तिकडे पळू नका, वाऱ्याला आडवे जा. नाकातोंडावर ओले फडके धरा. काडी पेटवू नका.