रिकाम्या टाकीचे कौतुक

इंजिन बंद पडलेले चार आसनी विमान एखाद्याने महामार्गावर, मोटारींच्या मधोमध सुखरूप उतरवले की अमेरिकेतील स्थानिक वाहिन्यांची दिवसभराची सोय होते. वैमानिकाचे प्रसंगावधान, तोंडात बोट घातलेले मोटारचालक, कोणाला खरचटलेही नसल्याचा आनंद. कौतुक रास्तच. पण इंजिन का थांबले, हे सांगणारा चौकशी अहवाल येतो अनेक महिन्यांनी, आणि तोवर त्यात कोणाला रस उरलेला नसतो. त्या अहवालाचे सार पुष्कळदा एकाच वाक्यात मावते: टाकीत इंधन नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला २०१७ मध्ये यावर स्वतंत्र इशारा काढावा लागला. २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या हिशेबातील चुकांमुळे छोट्या विमानांना वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले. बिघडलेल्या यंत्राचा वाटा जेमतेम पाच टक्के. बाकी सारी माणसाची करणी. त्यातही हे वैमानिक नवशिके नव्हेत. निम्म्याच्या आसपास व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना असलेले होते, विद्यार्थी मात्र अवघे दोन टक्के. विद्यार्थी धास्तीपोटी टाकी तपासतो. मुरलेला वैमानिक काट्याकडे नजर टाकतो आणि निघतो.

तो काटा भरवशाचा नाही, हे त्यालाही पहिल्याच आठवड्यात शिकवलेले असते. सेसनासारख्या विमानात पंखातल्या टाकीत काट्याला हलवणारा एक तरंगता गोळा असतो. विमान कलले की तोही हलतो. म्हणून पंखापर्यंत चढून, झाकण उघडून, खुणांची पट्टी आत बुडवून पाहायची असते. सेसना १५२ मध्ये वापरता येणारे इंधन सुमारे ९३ लिटर. ताशी २३ लिटर धरले तर कागदावर चार तास होतात. समोरून वारा लागला की प्रवास लांबतो, आणि हवा-इंधनाचे मिश्रण नीट साधले नाही किंवा झाकण सैल राहिले, की त्यातले तास-अर्धा तास कधी गेले ते कळतही नाही. नियमानुसार दिवसा मुक्कामी पोहोचून आणखी अर्धा तास आणि रात्री पाऊण तास पुरेल इतके इंधन हवे. गाडी रिझर्व्हला लागल्यावरही ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. फक्त विमान ढकलत नेता येत नाही.

आमचा आक्षेप या विसरभोळेपणापेक्षा संकोचाला आहे. इंजिन थांबण्याआधी वाटेत बहुधा एखादी धावपट्टी मागे पडलेली असते. तिथे उतरले तर उशीर होतो, भाडे वाढते, आणि रेडिओवर ‘इंधन कमी आहे’ म्हणणे म्हणजे आपला हिशेब चुकल्याची जाहीर कबुली. या संकोचातून मोठी विमानेही सुटलेली नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कच्या वाटेवर तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागलेल्या ‘आव्हियांका ५२’ या प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द अखेरपर्यंत उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण गेले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये विस्तारा कंपनीचे मुंबई-दिल्ली विमान दिल्लीतील खराब हवामानामुळे वळवावे लागले आणि लखनौला टेकले तेव्हा टाकीत काही मिनिटांचेच इंधन होते. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना कामावरून बाजूला केले. चौकशी हवीच. पण वेळेत हाक मारणारा आणि अखेरच्या थेंबापर्यंत गप्प बसणारा यांना एकाच मापाने मोजले, तर पुढचा वैमानिक गप्पच बसेल.

गोंदिया, बारामती, शिरपूर येथे आज शेकडो तरुण उड्डाण शिकत आहेत. इंधनाची शंका आली म्हणून वाटेतल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विद्यार्थ्याकडे लेखी खुलासा मागितला जाऊ नये आणि त्या फेरीचे पैसे संस्थेने सोसावेत, असा नियम महासंचालनालयाने करावा. त्यासाठी एखादे विमान उसाच्या फडात उतरण्याची वाट पाहू नये.