सात-बारांतून बहीण कोणीं गाळली?

रा. रा. संपादक यांस,


बाप मृत्युपत्रावांचून मेला कीं आमचे गांवपंच ताबडतोब निकाल देतात : "वावर पोरांचें, पोरींचा वांटा हुंड्यांत गेला." हुंडा देणें-घेणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पंचहो, गुन्ह्याचा खर्च वांट्यांत वळता कसा करतां?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणें मयताची विधवा, आई, मुलगे व मुली यांस सारखा एकेक वांटा मिळतो. (बौद्ध, जैन व शीख यांसही हाच कायदा, मुसलमान बंधूंचा निराळा.) बापानें स्वतः घेतलेलें वावर दहा एकर, मागें विधवा, दोन मुलगे, दोन मुली, तर प्रत्येकास दोन एकर. विणकराच्या घरजागेसही हाच न्याय. वडिलोपार्जित जमिनींत तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेंच भावाबरोबरीची हिस्सेदार आहे. त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगितलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या व विक्र्या मात्र कायम आहेत.

मग बहीण कागदांतून जाते कशी? थोरला भाऊ पटवाऱ्याकडे फक्त भावांचीं नांवें देतो व फेरफार झाला कीं मिशांवर ताव देतो. अरे शहाण्या, फेरफार म्हणजे मालकी नव्हे! ती सरकारच्या महसुलाची नोंद. मालकीचा तंटा दिवाणी न्यायालय तोडतें. दुसरी युक्ति हक्कसोडीची. राखीला आलेल्या बहिणीस लुगडें नेसवून अंगठा घेतात. राजीखुशीनें हक्क सोडणें असेल तर दस्त नोंदणी कचेरींत नोंदला पाहिजे. पटवाऱ्यापुढील तोंडी कबुलीनें हक्क जात नाहीं.

नागपूर शहर कामठीच्या वेशीस भिडलें. वावरांचे प्लॉट पडतात. खरेदीच्या वेळीं गाळलेली बहीण आठवते, दावा उभा राहतो, आणि अर्धें वावर वकिलाच्या घरीं जातें.

म्हणून बंधूंनो, १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें तीन महिन्यांत वर्दी द्या व तींत आई-बहिणींसह सर्व वारसांचीं नांवें घाला. बहिणींनो, नोटीस लागली कीं लेखी हरकत घ्या आणि पोंच मागा. मंडळ अधिकाऱ्यानें तरीही नोंद मंजूर केली, तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा.

सरकारी कामगारांची लेखणी शेतकऱ्यास कशी नागवते, हें जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें दाखविलें. आज तीच लेखणी आपल्या हातीं आली आहे. ती सख्ख्या बहिणीच्या गळ्यावर फिरवाल, तर जोतीरावांचें नांव घेण्याचा तुम्हांस अधिकार काय?

आपला,
एक खेड्यांतील शिक्षक, ता. कामठी