पाटाचे पाणी आणि ज्वारीचे कणीस



जामखेडच्या काळ्या रानातली मालदांडी आणि पारनेरच्या मुरमाड रानातली मालदांडी शेजारी ठेवून पाहा. एक ताट डोक्यावरून उंच, दुसरे जेमतेम छातीला. कणसात दाणे कमी-अधिक. पण कणसाचा घाट तोच आणि दाण्याचे रूपही तेच. जमीन, पाऊस, थंडी बदलली तरी पीक आपला घाट का सोडत नाही?

पाटाला पाणी सोडले आणि मध्ये चार ढेकळे पडली, तरी पाणी वळसा घेऊन पुन्हा पाटातूनच वाहते. पाट जितका खोल, तितके ते कमी फुटते. जिवाची वाढही अशीच ठरल्या पाटातून चालते, असे ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी 1942 मध्ये मांडले. या गुणाला त्यांनी दिलेले नावही कालव्यावरूनच आहे.

यात एक मेख आहे. खोल पाटात बियाण्यातले फरकही झाकले जातात. वॉडिंग्टन यांनी पिकल्या फळांवर बसणाऱ्या बारीक माश्यांच्या कोशांना कडक उष्णता दिली. तेव्हा काहींच्या पंखातली आडवी शीर तुटली, काहींची शाबूत राहिली. हा फरक वाणात आधीपासून होता, ताण पडल्यावर तो दिसला.

घरच्या मालदांडीतही वर्षानुवर्षांची मिसळ असते. चांगल्या साली सगळी ताटे सारखी दिसतात. पीक पोटरीत असताना ओल तुटली, की एक ताट निसवत नाही आणि शेजारचे तेवढ्याच ओलीवर कणीस भरते.

नोकरीच्या सुरुवातीला मीही 'मोठे कणीस बियाण्याला ठेवा' असे सांगत असे. एका शेतकऱ्याने तसे केले. ती कणसे निघाली विहिरीच्या पाटाकडेची. पुढच्या साली पाऊस लवकर गेला आणि पीक फसले. मोठेपण पाण्याचे होते, बियाण्याचे नव्हते. चूक माझी होती.

म्हणून बियाणे खळ्यावर निवडू नका, उभ्या पिकात निवडा. बांध, पाट आणि उकिरड्याची जागा सोडा. ओल कमी पडलेल्या साली, सारख्या जमिनीत शेजाऱ्यांपेक्षा चांगले भरलेल्या ताटांना दोरी बांधा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की ती कणसे आधी कापून वेगळी मळा. हे सरळ वाणासाठी आहे. संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी नवेच घ्या.

दोरी बांधायला घरच्या लक्ष्मीलाही सोबत न्या. बियाण्याची पारख तिला आपल्याहून जास्त असते.