सायकलस्वाराने मुक्काम कोठे करावा?

पावसाळा सरून रस्त्याकडेचे शेवाळ वाळले, की मुंबई-पुण्याकडील मंडळी सायकली काढून गोव्याची वाट धरतात. अलीकडच्या वर्षांत असे प्रवासी आपल्या किनाऱ्यावर वरचेवर दिसू लागले आहेत. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, नोकरीतून आठवड्याची रजा काढून आलेले असतात, साठी उलटलेले निवृत्त गृहस्थ असतात, आणि स्त्रियाही असतात. सायकलीच्या मागल्या चाकाला दोन्ही अंगांनी पिशव्या बांधून ही मंडळी घामाघूम होऊन तेरेखोलच्या धक्क्यावर उतरतात, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी काहींना कौतुक वाटते, तर काहींना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. आमच्या मते हा विषय कौतुकाचाही नाही आणि थट्टेचाही नाही. स्वतःच्या पायांच्या बळावर माणूस परमुलखातून जाऊ लागला, म्हणजे त्या मुलखाची परीक्षा सायंकाळी पाचच्या सुमारास होत असते. या माणसाला आज रात्री पाठ टेकण्यास जागा मिळणार की नाही, एवढाच त्या परीक्षेतील प्रश्न असतो. या परीक्षेत आपण, विशेषतः आपण गोमंतकीय, म्हणावे तसे उत्तीर्ण होत नाही.

आधी मार्गाविषयी. मुंबईहून गोव्याला येण्याचा सरळ रस्ता म्हणजे पूर्वीचा सतरा आणि आताचा सहासष्ट क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे त्याचे काय झाले हे दर गणेशचतुर्थीला गावी येणारे चाकरमानी आम्हांला नव्याने सांगत आले आहेत. पण हा रस्ता उद्या आरशासारखा झाला तरी तो सायकलस्वाराचा रस्ता नव्हे. मालमोटारी आणि रात्रीच्या आरामगाड्या यांच्या झोतात जीव मुठीत धरून चालविण्यात ना सुख आहे ना शहाणपण. खिशातल्या फोनमधील नकाशाला वाट विचारली, तर तो बहुधा मोटारीच्या हिशेबाने याच रस्त्यावर आणून सोडतो. चढण किती, सावली कोठे, पुढची फेरीबोट किती वाजता बंद होते, हे त्या नकाशाला विचारून फारसा उपयोग होत नाही.

सायकलस्वाराचा खरा मार्ग समुद्राच्या कडेने येतो. बॅरिस्टर अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची भाषा होत आली. तो सलग असा आजही झालेला नाही, आणि सायकलस्वारांच्या दृष्टीने ही एक इष्टापत्तीच ठरली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला किंवा रेवसला उतरावे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड करीत आगरदांड्याला यावे आणि फेरीबोटीने दिघीला जावे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झाल्यावर बागमांडल्याहून वेश्वीपर्यंत सावित्रीची खाडी ओलांडावी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी पार करून गुहागर, तवसाळहून जयगड, आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. रत्नागिरीच्या दक्षिणेस बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत. तेव्हा पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी असे करीत तेरेखोल गाठता येते. एकूण अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. नकाशावर ते पाच दिवसांचे दिसते. प्रत्यक्षात सात-आठ दिवस हाताशी ठेवावेत.

याचे कारण कोकणाच्या घडणीत आहे. येथे प्रत्येक गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या पातळीवर वसलेले आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा. सकाळी धक्क्यावरून निघावे, घाटी चढून सड्यावर यावे, तेथे सावलीचे झाड नाही की पाण्याचा हौद नाही अशा उन्हात तास-दोन तास चालवावे आणि पुन्हा उतरून खाडीपाशी यावे. दिवसातून असे तीनचार वेळा होते. म्हणून जाणते सायकलस्वार दिवसाचे अंतर किलोमीटरांत न मोजता खाड्यांत मोजतात. दोन खाड्या आणि तीन घाट्या म्हणजे एक दिवस. त्यात फेरीबोट चुकली की सारे गणित कोसळते. दाभोळची शेवटची बोट गेली, तर समोर दिसणारे धोपावे खेड-चिपळूणच्या वाटेने शंभरावर किलोमीटर दूर जाते. तेव्हा बोटींच्या वेळा आधी विचारून घेणे आणि खाडीच्या अलीकडे मुक्काम करायचा की पलीकडे, हे सकाळीच ठरविणे, यावर अर्धा प्रवास अवलंबून असतो.

आता मुक्कामाचा प्रश्न. या बाबतीत दक्षिण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा बराच बरा म्हणावा लागेल. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, कुणकेश्वर ही क्षेत्रे असल्यामुळे तेथे भक्तनिवासांची सोय आहे. दिवेआगर, गुहागर, मालवण येथे घरगुती खोल्या आणि खाणावळी घरोघर निघाल्या आहेत. मात्र शनिवार-रविवारी एकट्या माणसाला एका रात्रीसाठी खोली द्यायला यजमान नाखूश असतात. मोटार भरून येणारे कुटुंब दोन रात्री राहते आणि मासळीची चार ताटे घेते. हा एकटा सायकलवाला दहा पैशांचा धंदा देणार आणि पहाटे पाचला कडी वाजवून सगळ्यांची झोप मोडणार! त्यांचे गणित चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण या गणितावर इतरत्र उपाय निघाला आहे. जर्मनीतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९५ पासून ‘बेट अँड बाइक’, म्हणजे खाट आणि सायकल, या नावाची योजना चालविली आहे. जो खानावळवाला किंवा हॉटेलवाला एकाच रात्रीसाठी आलेल्या सायकलस्वाराला जागा देतो, सायकलीसाठी कुलूपबंद जागा ठेवतो, ओले कपडे वाळविण्याची सोय करतो आणि सकाळी पोटभर न्याहारी देतो, त्याच्या दारावर ती पाटी लागते. प्रवासी ती पाटी पाहून आत येतो. यात सरकारी अनुदानापेक्षा शब्दाला जागण्याचा भाग मोठा आहे.

ज्यांना अशा पाटीचा आधार नाही त्यांनी आपल्याकडच्या जुन्या खुणा ओळखाव्यात. ज्या गावात एस.टी.ची वस्तीची गाडी येते, त्या गावात रात्री चालक-वाहकांच्या निजण्याची काही ना काही व्यवस्था असते, पहाटे चहा मिळतो आणि रस्त्याची पक्की माहिती असलेली दोन माणसे भेटतात. मुक्कामासाठी असे गाव हेरावे. जागा शोधण्यास चारच्या पुढे लावू नये. दिवस मावळल्यावर अनोळखी माणसासाठी दार उघडणे कोणालाही जड जाते. शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात निजायचे, तर आधी मुख्याध्यापकांना वा पुजाऱ्यांना भेटून नाव-गाव सांगावे. न विचारता पथारी पसरणारा एक जण मागून येणाऱ्या दहा जणांची दारे बंद करतो.

तेरेखोलला पोहोचलेला प्रवासी गोव्यात आलेला असतो. नदीच्या उत्तर तीरावरील हा एवढासा तुकडा गोव्याचा आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हिरवे गुरुजी याच भूमीवर हुतात्मा झाले. तेव्हाच्या सत्याग्रहींना पलीकडच्या सावंतवाडी-बांद्याच्या घरांनी भाकरी आणि आसरा दिला होता, हे आमच्या पिढीने तरी विसरू नये. आज त्याच बाजूने येणारा माणूस फेरीबोटीने केरीला उतरतो आणि तेथपासून त्याची खरी अडचण सुरू होते. हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात राहण्याच्या जागांची वाण नाही. वाण आहे ती परवडणाऱ्या जागांची. नाताळच्या आठवड्यात तेथील एका रात्रीचे भाडे ऐकून मालवणहून आलेला मुलगा रातोरात माघारी जायला निघाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

वास्तविक गोव्याइतकी सायकलस्वाराला सोयीची भूमी थोडी. पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवरच येतो आणि वाड्यावाड्यांतील आतल्या वाटा त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. चोपडे-शिवोलीचा पूल ओलांडून आतल्या रस्त्यांनी बेतीला यावे आणि फेरीबोटीने पणजी गाठावी. मांडवीवरील अटल सेतू २०१९ साली खुला झाला, तो दुचाकींना बंद आहे. गंमत अशी, की मुंबईत २०२४ साली खुला झालेला दुसरा अटल सेतूही दुचाकींना बंदच आहे. म्हणजे प्रवासाच्या आरंभी आणि शेवटी, दोन्ही ठिकाणी सायकलस्वाराला होडीच तारते. पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावरून जुने गोवे, तेथून बाणस्तारी, आणि पुढे म्हार्दोळ-मंगेशीचा हिरवा मुलूख. या मुलखात अग्रशाळा आहेत.

अग्रशाळांविषयी आम्हांला स्पष्ट लिहायचे आहे. आपल्या देवस्थानांभोवतीच्या अग्रशाळा आपल्या पूर्वजांनी दूरवरून येणाऱ्या महाजन-कुळावींसाठी बांधल्या. त्यांचा पहिला हक्क आम्ही नाकारीत नाही. जत्रा, पालखी, अनुष्ठाने यांच्या दिवसांत तेथे परक्याला जागा नसणे स्वाभाविकच. परंतु मार्गशीर्षातल्या एखाद्या मंगळवारी अर्ध्या खोल्या रिकाम्या असताना, दारात उभ्या असलेल्या थकल्या माणसाला आधी आडनाव विचारायचे आणि मग खोली नाही म्हणून सांगायचे, हा प्रकार कोणत्या शास्त्रात बसतो? अतिथीला देव मानावे असे आपण मुलांना शिकवितो. तो अतिथी कोणत्या कुळाचा असावा, याची अट त्या शिकवणीत आमच्या तरी वाचनात आलेली नाही. देवस्थानांच्या अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. ओळखपत्र पाहावे लागते, नोंद ठेवावी लागते, पावित्र्याचे नियम पाळले जातील याची खात्री हवी असते. ते सर्व करावे. सोवळ्याची जागा सोडून, भोजनशाळेच्या बाजूची एखादी पडवी आणि स्वतंत्र न्हाणीघर एवढे पुरे आहे. स्त्रियांसाठी आतून कडी लागणारी एक खोली असावी. माफक शुल्क घ्यावे. मद्य-मांस चालणार नाही असे पाटीवर लिहावे. सायकलवरून आठ दिवस आलेला माणूस त्यासाठी देवळात येत नाही.

याला थोडी घाईही आहे. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल उभारण्याचे काम महाराष्ट्राच्या रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. ते पूल व्हावेत. रात्री-अपरात्री बाळंतिणीला बोटीची वाट पाहत धक्क्यावर थांबावे लागू नये. पण पूल झाले म्हणजे सागरी मार्गावरही मोटारींचा ओघ सुरू होईल, आणि आज जो निवांत रस्ता आहे त्याचा दुसरा महामार्ग होईल. पुलांच्या आराखड्यांत चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी कठड्याआड वेगळी पट्टी ठेवण्याची मागणी आताच झाली पाहिजे. काँक्रीट ओतून झाल्यावर निवेदने देण्याची आपली जुनी खोड येथे कामाची नाही. गोवा सरकारनेही दुर्भाट-रासयसारख्या लहान फेऱ्या प्रवासी थोडे म्हणून बंद करण्याचा विचार मनात आणू नये. पर्यटन खाते जाहिरातींवर जो खर्च करते त्याच्या एका कोपऱ्यात केरीपासून पोळेपर्यंतच्या आतल्या रस्त्यांचा, फेरीबोटींच्या वेळांचा आणि एका रात्रीपुरत्या जागांचा एक साधा मराठी-कोंकणी-इंग्रजी नकाशा सहज निघेल.

खात्याचा नकाशा निघेल तेव्हा निघेल. देवस्थानांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. १९३३ च्या नियमावलीखाली चालणाऱ्या आपल्या देवस्थानांत महाजनांच्या सभा होतातच. त्यांपैकी एका सभेत, अग्रशाळेतील एक खोली व एक पडवी जत्रेखेरीजच्या दिवसांत पायी व सायकलने येणाऱ्या कोणाही प्रवाशास एका रात्रीसाठी द्यावी, असा ठराव मांडता येईल. त्याला लागेल एक नोंदवही, चार चटया, सायकली बांधण्यासाठी एक साखळी आणि रात्री नऊपर्यंत फोन उचलणारा एक माणूस. नवरात्रापूर्वी असा ठराव झाला, तर दिवाळीनंतर केरीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या पहिल्या पथकाला म्हार्दोळ-मंगेशीच्या परिसरात त्याचा उपयोग होईल.